पर्यावरणशास्त्राची पदवी: विषय निवडण्यापासून पहिल्या नोकरीपर्यंत

बारावीनंतर ‘एन्व्हायर्नमेंट’ घ्यायचं असं म्हणताना बहुतेकांच्या डोक्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र असतात. पहिली म्हणजे कला, वाणिज्य, विज्ञान अशा सगळ्याच पदवीधरांना सक्तीचा असलेला पर्यावरण अभ्यासाचा पेपर. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे तो अभ्यासक्रमात आला, पण त्याच्या जोरावर नोकरी मिळत नाही. दुसरी म्हणजे पर्यावरणशास्त्रातली बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. तिसरी पर्यावरण अभियांत्रिकी. तिचं दार बी.ई., बी.टेक.मधून उघडतं आणि सांडपाणी प्रकल्पांच्या आराखड्याचं काम मुख्यतः त्या अभियंत्यांकडे जातं. हा लेख दुसऱ्या वाटेवरच्या मुलांसाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी. या क्षेत्रात पदवीच्या नावावर कोणी कामाला घेत नाही. पाण्याचा नमुना नीट घेता येतो का, नियमाचं कलम शोधता येतं का, नकाशा तयार करता येतो का, हे विचारलं जातं. यातलं एक काम पक्कं आणि बाकीची कामापुरती येत असतील तर काम मिळतं. नुसती तळमळ असेल तर दोन वर्षांनी निराशा पदरी पडते, आणि तळमळ असलेली चांगली मुलं अशी बाहेर पडताना पाहणं फार वाईट वाटतं.

आधी जाहिरातीतली अर्हता वाचा

प्रवेश घेण्यापूर्वी, ज्या नोकरीवर डोळा आहे तिची मागची जाहिरात काढून शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद शब्दशः वाचा. सगळ्यात मोठी फसगत इथेच होते.

उदाहरण भारतीय वनसेवेचं घ्या. जंगलासाठी काम करायचं म्हणून पर्यावरणशास्त्र घेणारी मुलं पुष्कळ. पण यूपीएससीच्या वनसेवा परीक्षेला बसायला पदवीला पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय लागतो, किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकीची पदवी लागते. पर्यावरणशास्त्र या यादीत नाही. मुख्य परीक्षेच्या वैकल्पिक विषयांतही ते नाही. म्हणजे पदवीला वरच्या यादीतला एकही विषय घेतला नसेल, तर वनसेवेचं दार अर्ज भरण्याआधीच बंद होतं. राज्याच्या वनसेवेसाठी एमपीएससीच्या अधिसूचनेतली विषयांची यादीही अशीच एकेक शब्द लावून तपासा.

कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाचंही असंच आहे. नियमांत अभियांत्रिकीची अथवा भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राची पदवी, ठरावीक वर्षांचा कारखान्यातला अनुभव आणि वर औद्योगिक सुरक्षेची पदविका असा क्रम असतो. प्रदूषण नियंत्रण मंडळात पदागणिक अर्हता बदलते: कुठे अभियांत्रिकीची पदवी, कुठे विज्ञानातली पदव्युत्तर पदवी. ‘समकक्ष’ हा शब्द असेल तरच पर्यावरणशास्त्राला जागा आहे असं धरा. नसेल तर अर्ज छाननीत बाद होऊ शकतो.

पदवीला काय घ्यावं

दोन रस्ते आहेत. एक, थेट बी.एस्सी. पर्यावरणशास्त्र. दुसरा, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. आणि पुढे पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. आमचं मत स्पष्ट आहे: ज्याचं अजून नक्की ठरलेलं नाही त्याने दुसरा रस्ता धरावा. वनसेवा, प्रयोगशाळा, शिक्षकी पेशा असे पर्याय त्यात शाबूत राहतात आणि एम.एस्सी.ला आल्यावर पायाही पक्का असतो. थेट पर्यावरणशास्त्रच घ्यायचं असेल तर नव्या शैक्षणिक धोरणात मिळणारा मायनर, म्हणजे दुय्यम, विषय रसायनशास्त्र ठेवा. मायनर म्हणून सोपा विषय उचलून गुणांची टक्केवारी वाढवणं अंगाशी येतं, कारण पाणी, हवा, माती, कचरा यांपैकी कशालाही हात लावला तरी रसायनशास्त्र समोर येतंच. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली तर पुढची एम.एस्सी. एका वर्षाची होऊ शकते. मात्र तुमच्या विद्यापीठात ती सोय सुरू आहे का, याची विभागात जाऊन खात्री करा.

बारावीला गणित सोडलेल्यांनी घाबरायचं कारण नाही, पण संख्याशास्त्राचा एखादा पेपर जरूर घ्या. हवामान किंवा हवेच्या प्रतिमानांकडे जायचं असेल, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी काम करायची इच्छा असेल, तर मात्र गणित-भौतिकशास्त्राशिवाय निभाव लागत नाही.

महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ यांच्या विभागांत एम.एस्सी. होते. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय आणि भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था हेही पर्याय आहेत. दिल्लीच्या जेएनयूसारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आयआयटी मुंबईच्या पर्यावरण विभागात एम.टेक. करायचं तर गेट ही परीक्षा लागते. गेटमध्ये पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर २०२१ पासून आहे.

कॉलेज बघायला गेलात तर

इमारत बघू नका, प्रयोगशाळा बघायची परवानगी मागा. बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन; तो मोजण्याचा इन्क्युबेटर चालू आहे का आणि त्याच्या पडद्यावर २७ अंश दिसतात का? सीओडीचा (तीच घाण रसायनांनी जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचा) डायजेस्टर, स्पेक्ट्रोफोटोमीटर, हवेचे सॅम्पलर आहेत का, आणि त्यांच्यावर अंशांकनाची, म्हणजे माप तपासून जुळवल्याची, तारीख कधीची आहे? मग दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एकच प्रश्न विचारा: “हे यंत्र तुम्ही स्वतः किती वेळा चालवलं?” कपाटात प्लास्टिकच्या आवरणात झाकलेलं यंत्र माहितीपत्रकात छान दिसतं, पण शिकवत काहीच नाही. मागच्या दोन तुकड्यांची डिसर्टेशन, म्हणजे संशोधन-प्रबंध, चाळा. सगळ्यांचे विषय ‘जनजागृतीचा अभ्यास’ छापाचे प्रश्नावलीवाले असतील तर त्या विभागात फील्डवर जाणं होत नाही हे समजून घ्या.

हाताला काय यायला हवं: पाणी

सांडपाण्याची बीओडी चाचणी साधी वाटते आणि तीच सर्वांत जास्त चुकते, म्हणून ती जरा जवळून पाहू. आपल्याकडे ती २७ अंशांवर तीन दिवसांची असते. परदेशी पुस्तकांत २० अंशांवर पाच दिवस असं वाचाल. अहवालात कोणती पद्धत वापरली ते लिहायलाच हवं.

विरलनासाठी, म्हणजे नमुना पातळ करण्यासाठी, शुद्ध पाण्यात हवा सोडून ते ऑक्सिजनने भरून घ्यायचं आणि त्यात फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड व फेरिक क्लोराइडची द्रावणं लिटरला प्रत्येकी १ मिली घालायची. नमुन्याचा सामू (पीएच) ७ च्या आसपास आणायचा. ३०० मिलीच्या बाटलीत नमुना मोजून टाकायचा, वर विरलनाचं पाणी भरायचं आणि बूच असं लावायचं की आत एकही बुडबुडा राहणार नाही. किमान तीन वेगवेगळी विरलनं करायची, कारण कोणतं जमेल हे आधी कळत नाही. तीन दिवसांनी ऑक्सिजन किमान २ मिग्रॅ/लिटरने उतरलेला हवा आणि शेवटी किमान १ मिग्रॅ/लिटर उरलेला हवा. या दोन अटींत न बसणारी बाटली हिशेबातून काढून टाकायची. नुसत्या विरलनाच्या पाण्याच्या बाटलीत घट ०.२ पेक्षा जास्त आली तर पाणीच खराब आहे.

समजा, ३०० मिलीच्या बाटलीत ६० मिली नमुना आहे, म्हणजे पाचपट विरलन. सुरुवातीला ऑक्सिजन ७.६, शेवटी ३.४. फरक ४.२, गुणिले ५, म्हणजे बीओडी २१ मिग्रॅ/लिटर. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा ३० आहे, तेव्हा हा आकडा चालेल असं वाटतं. पण प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याला किंवा सोसायटीला दिलेल्या संमतीपत्रात बऱ्याचदा १० लिहिलेलं असतं आणि बंधन त्याचं असतं. म्हणून प्रयोगशाळेच्या आकड्याबरोबर संमतीपत्र वाचण्याची सवय लावून घ्या.

चुकतं कुठे? प्रक्रिया केलेल्या पाण्यात क्लोरीन शिल्लक असतो, तो सोडियम सल्फाइटने काढला नाही तर जिवाणू मरतात आणि बीओडी खोटी कमी येते. रासायनिक कारखान्याच्या पाण्यात जिवाणूच नसतात, तिथे बाहेरून सीड, म्हणजे जिवंत जिवाणू, घालावं लागतं. सीओडीला किनाऱ्याजवळच्या खारट पाण्यातला क्लोराइड आकडा फुगवतो, म्हणून मर्क्युरिक सल्फेट घालतात. आणि अहवालात बीओडी सीओडीपेक्षा जास्त दिसली तर तो अहवाल परत पाठवा. मुलाखतीत असा एक चुकीचा तक्ता समोर ठेवून “यात काय बिघडलंय?” असं विचारण्याची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे.

नमुना जतन करणं हेही काम शिकूनच येतं. विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच स्थिर करायचा. सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल, जड धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणायचा. बाकी बाटल्या ४ अंशांच्या आसपास थंड पेटीत ठेवायच्या. एकाच बाटलीतून सगळ्या चाचण्या करणारी प्रयोगशाळा दिसली तर तिथे इंटर्नशिप करू नका.

हाताला काय यायला हवं: हवा

पीएम २.५चा, म्हणजे हवेतल्या २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांचा, सॅम्पलर मिनिटाला १६.६७ लिटर, म्हणजे २४ तासांत २४ घनमीटर हवा ओढतो. चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. गुणाकार केला तर मर्यादेच्या काठावरच्या दिवशी फिल्टरचं वजन अवघं १.४४ मिलिग्रॅमने वाढतं. बोटाचा ठसा किंवा हवेतला ओलावाही हा आकडा बिघडवायला पुरेसा आहे. म्हणून फिल्टर चिमट्याने धरायचा, आधी आणि नंतर २४ तास एकाच तापमानाला व आर्द्रतेला ठेवून मगच वजन करायचं, आणि काटा मायक्रोग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. कोकणात पावसाळ्यात ही काळजी घेतली नाही तर वजन चक्क उणे येतं. वीज गेल्यामुळे सॅम्पलर सोळा तासच चालला असेल तर तेही फील्ड शीटवर लिहायचं. चोवीस तास चालल्याचं दाखवून भागाकार केला तर हवा आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसते.

कायदा

जल कायदा १९७४, वायू कायदा १९८१, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ आणि पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची २००६ची अधिसूचना हे चार दस्तऐवज मुळातून वाचा. गाइड नको. सोबत कारखान्याचं वार्षिक वेळापत्रक लक्षात ठेवा: घातक कचऱ्याचं विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ४, ३० जूनपर्यंत, पर्यावरण विवरण, म्हणजे फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत, शिवाय संमतीपत्राच्या नूतनीकरणाची तारीख. ईएचएस, म्हणजे पर्यावरण, आरोग्य व सुरक्षा, विभागात नव्याने लागलेल्या माणसाचं पहिलं वर्ष याच कागदांत जातं.

सरावासाठी पर्यावरण मंजुऱ्यांच्या परिवेश या सरकारी पोर्टलवरून आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या प्रकल्पाचा मूल्यांकन अहवाल उतरवून घ्या. आधी मंजुरी तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने घातलेल्या अभ्यासाच्या अटी, ज्यांना टीओआर म्हणतात, त्या वाचा आणि प्रत्येक अट अहवालात कोणत्या पानावर पूर्ण झाली ते समासात लिहीत जा. मग पायाभूत माहितीची, म्हणजे प्रकल्पापूर्वीच्या स्थितीच्या मोजणीची, तारीख बघा: पावसाळा सोडून एका हंगामाची आहे का? हवेची मोजणी आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे झाली आहे का? वाऱ्याची दिशा आणि मोजणी केंद्रांची जागा जुळते का? असे दोन-तीन अहवाल पिंजून काढलेला विद्यार्थी सल्लागार कंपनीत पहिल्या आठवड्यात उपयोगी पडतो.

इथे मराठीचा संबंध थेट येतो. जनसुनावणीआधी प्रकल्पाचा सारांश राज्याच्या भाषेतही द्यावा लागतो आणि सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते. हे मराठी सारांश बहुतेकदा इतके बोजड असतात की ज्यांची जमीन जाणार त्यांनाच ते उमगत नाहीत. तांत्रिक मजकूर गावातल्या माणसाला समजेल अशा मराठीत लिहिता येणं हे फार मोलाचं कौशल्य आहे. ते अंगी बाणवा, त्याची गरज खरोखरची आहे.

नकाशे आणि आकडे

क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मराठी माध्यमातल्या मुलालाही दोन महिन्यांत जमतं. सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर विभेदनाची चित्रंही फुकट मिळतात. आपल्या तालुक्याच्या जमीन-वापरातला बदल हा पहिला प्रकल्प घ्या. दोन चुका हमखास होतात. एक, क्षेत्रफळ अक्षांश-रेखांशाच्या अंशांत मोजणं. आधी थर यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपात, आणायचा: पुणे, कोल्हापूर, नाशिक ४३ उत्तर विभागात येतात, पण ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेचे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ उत्तरमध्ये. दुसरी चूक म्हणजे ऑक्टोबरचं चित्र मे महिन्याच्या चित्राशी ताडून “हिरवळ घटली” असा निष्कर्ष काढणं. तुलना एकाच महिन्यातल्या चित्रांची करायची, आणि शक्यतो दोन्ही वर्षांचा पाऊसही बघायचा.

आकडेमोडीसाठी एक्सेल चांगलं यायला हवं आणि जमल्यास आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा.

डिसर्टेशन

विषय लहान आणि मोजता येण्याजोगा घ्या. ‘अमुक नदीचं प्रदूषण’ हा विषय नव्हे. ‘कचरा डेपोच्या दोन किलोमीटर परिसरातल्या विहिरींचं पाणी, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर’ हा विषय आहे. त्यासाठी मेमध्येच पहिला फेरा व्हायला हवा. जुलैत विषय नक्की करणाऱ्यांचा पावसाळ्यापूर्वीचा हंगाम गेलेला असतो आणि मग अर्ध्याच माहितीवर प्रबंध उभा राहतो. पाण्याच्या उताराच्या वरच्या बाजूच्या एक-दोन विहिरी तुलनेसाठी घ्यायलाच हव्यात. विश्लेषण झालं की प्रत्येक नमुन्याचे धन आणि ऋण आयन मिलीइक्विव्हॅलंटमध्ये मांडून बेरजा जुळवा. फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर कुठलं तरी मोजमाप चुकलंय, पुन्हा करा. शहरातला विषय असेल तर महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल आधी वाचा. तो दरवर्षी ३१ जुलैपूर्वी सभागृहापुढे ठेवायचा असतो.

नोकऱ्या कुठे आहेत

सर्वांत लवकर मिळणारं काम एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत. पगार सुरुवातीला बेताचा आणि फील्डवरचे दिवस मोठे, पण दीड-दोन वर्षांत हात तयार होतो. त्यानंतर तिथेच अडकून राहू नका. सल्लागार कंपन्यांत तज्ज्ञ नॅबेटच्या (सल्लागारांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) कार्यक्षेत्रांप्रमाणे नेमलेले असतात: हवा, पाणी, घन व घातक कचरा, जैवविविधता, जमीन-वापर, ध्वनी वगैरे. सुरुवातीपासून एकच क्षेत्र ठरवून त्याचा अनुभव नोंदवत गेलात तर मान्यतेच्या वेळी कागद तयार असतात.

कारखान्यांत ईटीपी-एसटीपी, म्हणजे सांडपाणी व मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प, चालवणं, घातक कचऱ्याची पाठवणी, मंडळाला द्यायची विवरणपत्रं ही कामं असतात. मोठ्या शहरांत ईएसजीच्या (पर्यावरण, समाज आणि कारभार) कामाची मागणी वाढली आहे, कारण सेबीने आघाडीच्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर हा शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला आहे. त्या कामात विजेची बिलं, डिझेलच्या पावत्या, कचऱ्याची वजनं गोळा करून हरितगृह वायूंचा हिशेब मांडायचा असतो. ‘क्लायमेट’ नावाच्या दोन दिवसांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रांपेक्षा एखाद्या खऱ्या कारखान्याचा स्कोप १ आणि २चा, म्हणजे स्वतःच्या इंधनातून आणि विकत घेतलेल्या विजेतून होणाऱ्या उत्सर्जनाचा, हिशेब करून दाखवणं वजनदार ठरतं.

अध्यापन आणि संशोधनासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवी. यूजीसी नेटमध्ये पर्यावरण विज्ञानाचा विषय क्रमांक ८९. एम.एस्सी.ला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के लागतात. दोन पेपर मिळून १५० प्रश्न, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. पहिला पेपर सोपा समजून दुर्लक्ष करणारे थोडक्यात हुकतात. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठ घेतं. पीएच.डी.साठी नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी), गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र यांच्या प्रकल्प सहायकांच्या जाहिराती नियमित बघा. प्रकल्पावर वर्षभर काम केलेल्याला मार्गदर्शक ओळखू लागतात.

पहिली मुलाखत

सोबत प्रमाणपत्रांच्या फाइलपेक्षा या गोष्टी न्या: स्वतः घेतलेल्या नमुन्यांची दोन फील्ड शीट, एक हिशेबाचा तक्ता, स्वतः केलेला एक नकाशा. आणि तुम्हीही विचारा: एका माणसाकडे दिवसाला किती केंद्रं असतात? रात्रपाळीच्या ध्वनिमापनाला सोबत कोण असतं? अहवालावर सही कोणाची? एकाच दिवशी सत्तर किलोमीटर अंतरावरच्या दहा केंद्रांची चोवीस तासांची मोजणी एकट्याने करायची असं उत्तर आलं, तर तिथे आकडे टेबलावर बसून तयार होतात हे ओळखा आणि ती नोकरी नाकारा. रुजू झाल्यावर प्रत्येक नमुन्याची वेळ, जीपीएसचे अंक आणि जागेचा फोटो यांची प्रत स्वतःकडे ठेवा, आणि न घेतलेल्या नमुन्याच्या शीटवर सही करू नका. त्या आकड्यांवर कुणाच्या तरी विहिरीचं पाणी पिण्यायोग्य ठरणार असतं.